आईच्या नावाची ठेव: भावी शिक्षकांसाठीच्या शिष्यवृत्ती निधीचा चार वर्षांचा अनुभव

माझी आई सुरगाणा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये प्राथमिक शिक्षिका होती. ती गेल्यानंतर तिच्या नावाने काहीतरी करावे असे आम्हा भावंडांच्या मनात होते. शाळेला पंखे किंवा कपाट देण्यापेक्षा शिक्षिका होऊ पाहणाऱ्या एखाद्या मुलीला हातभार लावणे तिला अधिक रुचले असते, असे वाटल्याने आम्ही नाशिकमध्ये निवृत्त शिक्षकांनी चालवलेल्या एका शिष्यवृत्ती निधीकडे वळलो. निधीचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या मी कार्यालयात समक्ष सांगितलेल्या आहेत.

आम्ही एक लाख रुपये कायम ठेव म्हणून दिले. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि केवळ व्याजातून शिष्यवृत्ती द्यायची, असे लेखी पत्र देणगीसोबत जोडले. असे पत्र दात्याने स्वतःहून द्यावे, असा माझा आग्रह आहे; तोंडी ठरलेले कार्यकारिणी बदलली की कोणाच्या लक्षात राहत नाही. अर्थात सात टक्के व्याज धरले तरी लाखाचे वर्षाला सातच हजार होतात आणि तेवढ्यात एका विद्यार्थिनीचेही वर्ष निघत नाही. म्हणून आम्ही दर वर्षी बारा हजार रुपये वेगळे देतो, आणि ते थेट त्या वर्षीच्या मुलींसाठी खर्च होतात.

रक्कम डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका करणाऱ्या मुलींनाच द्यावी, ही आमची अट निधीने तत्काळ मान्य केली. बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्रता ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. त्यामुळे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरील चौथीपर्यंतच्या शाळांना शिक्षक मिळायचे असतील, तर बारावीनंतरच्या या दोन वर्षांच्या पदविकेकडे मुली वळल्या पाहिजेत. निधीच्या निवड समितीला हे सारे समजावून सांगावे लागले नाही, याचे मला समाधान वाटले.

निवडीची पद्धत मला मनापासून आवडली. उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका आणि ‘मला शिक्षिका का व्हायचे आहे’ यावर स्वहस्ते लिहिलेले एक पान, एवढेच मागतात. धनादेश हातात धरून दात्यासोबत छायाचित्र काढण्याचा प्रकार येथे नाही. पैसे थेट मुलीच्या बँक खात्यात जमा होतात. वर्षाच्या शेवटी मात्र प्रत्येकीने आपली पाठटाचण वही, म्हणजे पाठ कसा घ्यायचा याची आधी लिहून काढलेली टिपणे, कार्यालयात दाखवायची असते, आणि दात्याला ती बसून पाहता येते. गेल्या वर्षी मी अशी एक वही पाहिली. दुसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी शिकवण्यासाठी त्या मुलीने दहा-दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या केल्या होत्या, आणि एक पुरचुंडी सोडून चिंचोके सुटे कधी करायचे, हे टाचणात पायरी-पायरीने लिहिले होते. समासात निरीक्षक शिक्षकांचा लाल शाईतला शेरा होता, ‘फळ्यावरील अक्षर मोठे काढावे.’ तो वाचून माझे डोळे भरून आले, कारण आईचे फळ्यावरचे अक्षर शेवटच्या बाकावरूनही वाचता येई.

आता उणिवा. शिष्यवृत्ती ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला दिली जाते. दिवस अतिशय योग्य आहे, पण शुल्क पावसाळ्यात प्रवेश घेतानाच भरावे लागते आणि तोवर घरच्यांनी उसनवारी केलेली असते. निदान पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळी मिळायला हवा. शिवाय अर्ज केवळ छापील असून तो गंगापूर रोडच्या कार्यालयातूनच न्यावा लागतो. सुरगाण्याच्या मुलीला त्यासाठी एसटीने येण्याजाण्यात पूर्ण दिवस घालवावा लागतो, आणि ज्यांच्यासाठी हा निधी आहे त्यांनाच हा खर्च सर्वांत जड जातो.

पावतीच्या बाबतीतही एकदा मनस्ताप झाला. आम्ही आयकराच्या जुन्या करप्रणालीत असल्याने आयकर कायद्याच्या कलम ८०जीखाली देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळत होती. पण त्यासाठी संस्थेने ३१ मेपर्यंत द्यावयाचे दहा-बीई हे देणगीचे प्रमाणपत्र दुसऱ्या वर्षी जुलैत, तेही तीन वेळा विचारल्यावर मिळाले. पुढच्या दोन्ही वर्षी ते वेळेवर आले. नव्या दात्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर वजावट मुळीच नसते.

माझी खरी अपेक्षा मात्र निराळी आहे. निधीची मदत पदविका हातात पडताच थांबते आणि मुलीची सर्वांत कठीण वाट तेथूनच सुरू होते. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग पवित्र या शासनाच्या शिक्षकभरती पोर्टलवरील भरतीची प्रतीक्षा, आणि निवड झालीच तर पूर्ण वेतनावर येण्याआधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून २०२३ पासून वाढलेले सोळा हजार रुपये मानधन. या मधल्या काळात अनेक घरी मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात किंवा ती द्राक्षबागेत नाहीतर एखाद्या दुकानात कामाला लागते. अशा वेळी परीक्षाशुल्क, पुस्तके आणि शहरातील अभ्यासिकेची फी एवढे जरी मिळाले, तरी तिला आणखी एक प्रयत्न करता येईल.

पैसे योग्य हाती पोहोचतात याची मला खात्री आहे, म्हणून देणगी सुरूच ठेवणार आहे. येत्या जूनमधील बारा हजारांसोबत मी दुसरे पत्र जोडत आहे: यातील निम्मी रक्कम पदविका पूर्ण केलेल्या आणि टीईटीला बसणाऱ्या मुलीसाठी राखून ठेवावी. समितीच्या अध्यक्षांनी ते बैठकीत मांडण्याचे मान्य केले आहे.