विद्यापीठ खरं, कोर्स खरा, तरीही फसवणूक

अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजी शिकायचं ठरवलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे जरूर वाचावं. माझी भाची एम.ए. मानसशास्त्र करून फर्ग्युसन रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत गेली. तिथे बोगस विद्यापीठ वगैरे काही नव्हतं, आणि खरी गोम तिथेच होती.

तिथल्या मॅडम फार गोड बोलायच्या. दीड वर्षाचा मास्टर्स, ३० क्रेडिट, विद्यापीठ ‘नॅस्प’मान्य (नॅस्प म्हणजे तिथली स्कूल सायकॉलॉजिस्टांची राष्ट्रीय संघटना), पुढे थेट शाळेत नोकरी. "सीट ब्लॉक करायला ८५ हजार आजच भरा, उद्यापासून फी वाढतेय." ताईने त्याच दुपारी जीपे केले.

ऑफर लेटर आलं ते एज्युकेशनल सायकॉलॉजीचं. विचारलं तर म्हणे, "अहो, एकच असतं ते!" कसलं एकच? त्या कोर्समध्ये माणूस शिकतो कसा याचा अभ्यास आणि संशोधन असतं. स्कूल सायकॉलॉजिस्ट शाळेत मुलांच्या चाचण्या घेतो, अध्ययन अक्षमता ओळखतो, शिक्षक-पालकांना घेऊन उपाय ठरवतो. त्यासाठी त्या त्या राज्याचा परवाना लागतो.  नॅस्पच्या निकषांनुसार स्पेशालिस्ट पातळीला, म्हणजे या कामासाठी लागणाऱ्या शिक्षणाला, किमान ६० क्रेडिट लागतात, शिवाय १२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० तास शाळेत. ३० क्रेडिटांत हे कुठे बसवणार होते, देव जाणे.

मान्यताप्राप्त कोर्सेसची यादी नॅस्पच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. भाचीने ती काढली. विद्यापीठाचं नाव होतं की! पण दुसऱ्याच कोर्ससमोर, तीन वर्षांच्या. नॅस्पची मान्यता कोर्सला असते, अख्ख्या विद्यापीठाला नव्हे, आणि मॅडमनी नेमकं तेवढंच गाळलं होतं. अशा एजंटांना बऱ्याच विद्यापीठांकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं. मग ज्या कोर्सला पटकन प्रवेश मिळतो तोच आधी पुढे सरकवला जातो, यात नवल नाही.

शेवटी भाचीने विभागप्रमुखांनाच ईमेल केली: या पदवीवर परवाना मिळतो का, इंटर्नशिप कुठे होते, आधीची मुलं कुठे लागली? दोन ओळींचं सरळ उत्तर आलं, या कोर्सवर परवाना मिळत नाही. हा प्रश्न विचारायला एक पैसा लागत नाही, आणि तो पैसे भरण्याआधी विचारायचा असतो.

पैसे मागितल्यावर पावतीवर बोट ठेवलं: ‘मार्गदर्शन शुल्क, परतावा नाही’. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाच्या अर्जाची तयारी सुरू केली. रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे अर्जाला फी नाही. मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज भाचीने जपून ठेवलेत, त्यात ‘नॅस्पमान्य’ हा शब्द स्पष्ट आहे. आता कन्सल्टन्सीचा निरोप आलाय, अर्धे पैसे घ्या आणि तक्रार मागे घ्या. भाचीने कळवलंय, पूर्ण रक्कम, आणि तेही लेखी.