पितळी मोर्स की आणि सोबतची पुस्तिका: तीन महिने वापरल्यावर

नातीला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा परवाना काढायचाय. जनरल ग्रेडसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे डॉट-डॅशचा तारेचा संकेत, घेता आणि देता यावा लागतो, म्हणून हा सरावसंच ऑनलाइन मागवला. त्यात पितळी की (दाबून संकेत द्यायचा दांडा), छोटा बझर, नऊ व्होल्टच्या बॅटरीची डबी आणि सॅम्युएल मोर्सच्या चरित्राची सोळा पानी पुस्तिका आहे. घरपोच 2,650 रुपये पडले. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना आधीच कळवल्यात. मी 1976 साली तारखात्यात लागले. पहिली नऊ वर्षं साताऱ्याकडच्या एका लहान तारघरात कीवर बसले. त्यामुळे की कशी असावी याबद्दल माझी मतं पक्की आहेत.

आधी चांगलं सांगते. लिव्हर अस्सल पितळेचा, जड, आणि दोन बाजूंच्या टोकदार स्क्रूंवर नीट तोललेला. आडवा हलत नाही. मूठ सपाट आणि रुंद आहे, म्हणजे तर्जनी वर ठेवून अंगठा आणि मधलं बोट कडांना लावता येतं आणि काम बोटांनी न करता मनगटाने करता येतं. मागच्या स्क्रूचे आटे बारीक असल्यामुळे कॉन्टॅक्टमधली फट हवी तेवढी ठेवता येते. आमचे तारमास्तर त्या फटीत पोस्टकार्ड घालून बघायचे. जेमतेम सरकलं तर बरोबर. या कीवर पोस्टकार्डाची फट पहिल्या दिवशी लावली, ती आजपर्यंत ढळलेली नाही.

स्प्रिंग मात्र फारच कडक. इंग्रजी ई म्हणजे एकच डॉट, नुसता स्पर्श. त्यालाही दाबावं लागत होतं. अर्ध्या तासात नातीचं मनगट भरून आलं. शेवटी जुन्या बॉलपेनची स्प्रिंग काढली, दोन वेढे कापले आणि ती बसवली. आता हात हलका चालतो. दुसरं म्हणजे पाटाखाली रबर नाही, त्यामुळे वेग वाढला की अख्खी की टेबलावर पुढे सरकते. सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे चिकटवल्यावर थांबली. अडीच हजारांच्या वस्तूत हे आधीच असायला हवं होतं.

बझरचा सूर स्वच्छ आहे, शिकायला हेच बरं. आम्ही मात्र साउंडरवर शिकलो. त्यात सूर नसतोच. लोखंडी पट्टी खाली आपटली की एक टक, सुटून वर गेली की दुसरा टक. दोन टकांमध्ये किती वेळ गेला त्यावरून डॉट की डॅश ते कानाने ठरवायचं आणि त्याच वेळी हाताने शब्द लिहायचा. ‘फादर एक्सपायर्ड स्टार्ट इमिजिएटली’ यातला ‘एक्स’ आला की पुढचं कळायचंच, तरी उरलेली अक्षरं यायची वाट बघूनच लिहायची. अंदाजाने एक अक्षरही लिहायचं नाही, ही शिस्त होती. नातीलाही तीच लावली आहे.

आता पुस्तिकेबद्दल. तिच्यासाठीच मी एवढं लांबलचक लिहायला बसले आहे, कारण मुलं हे वाचणार आणि तेच खरं धरणार.

पहिल्या पानावर आहे की बायको वारल्याची बातमी उशिरा कळली म्हणून मोर्सने तारयंत्र शोधलं. ती घटना खरी आहे. 7 फेब्रुवारी 1825 रोजी त्याची बायको ल्युक्रिशिया न्यू हेवनमध्ये वारली. मोर्स तेव्हा वॉशिंग्टनमध्ये लाफायेत या फ्रेंच सेनानीचं चित्र काढण्याच्या कामावर होता. वडिलांचं पत्र पोचायला काही दिवस गेले. तो घरी पोचला तेव्हा तिला पुरलंही होतं. हे वाचताना मला गलबलून येतं, कारण अशाच बातम्या मी माझ्या अक्षरात लिहून दिल्या आहेत. पण तारेची कल्पना त्याच्या डोक्यात आली 1832 मध्ये, युरोपहून परतताना सली नावाच्या जहाजावर, विद्युतचुंबकाबद्दलच्या गप्पा ऐकून. मधली सात वर्षं तो चित्रंच काढत होता. ही सात वर्षं खाऊन टाकायला नको होती.

त्याची चित्रकारी पुस्तिकेने एका ओळीत आटोपली आहे, पण सातव्या पानावरच्या रेखाचित्रात ती नकळत आलीच आहे. 1837 मधलं त्याचं पहिलं यंत्र बघा. कॅनव्हास ताणून बसवायची लाकडी चौकट, जी स्टुडिओत पडलेली होती, तीच टेबलावर उभी करून ठोकलेली. चौकटीतून लोंबणारा दांडा, त्याला पेन्सिल, खाली घड्याळाच्या यंत्राने सरकणारी कागदाची पट्टी. चुंबकाने दांडा ओढला की रेघ वाकडी व्हायची. नातीला मी हे चित्र भिंग घेऊन दाखवलं. पुस्तिकेत हे एवढं एकच पान असतं तरी ठेवून घेतली असती.

आता सगळ्यात मोठी चूक. मोर्सचा भागीदार आल्फ्रेड व्हेल, त्याचं नाव सोळा पानांत एकदाही नाही! अमेरिकेत मॉरिसटाउनजवळ स्पीडवेलला त्याच्या वडिलांचा लोखंडाचा कारखाना होता. पैसा तिथून आला, कारागिरी व्हेलची आणि जानेवारी 1838 मध्ये दोन मैल तारेवरचं प्रात्यक्षिकही तिथलंच. मोर्सची मूळ पद्धत प्रत्येक शब्दाला एक आकडा देण्याची होती. अक्षरांची लिपी नंतर बनली. तिच्यासाठी छापखान्यातल्या खिळ्यांचा हिशेब घेतला होता: ई 12,000, टी 9,000, झेड फक्त 200. जे अक्षर जास्त लागतं ते आखूड. म्हणून ई एक डॉट आणि टी एक डॅश. विज्ञानाची बाजू जोसेफ हेन्री आणि लेनर्ड गेल या शास्त्रज्ञांनी सावरली. लांब अंतरावर चुंबक कसा चालवायचा ते मोर्सला त्यांच्याकडून कळलं. तेही पुस्तिकेत नाहीत.

24 मे 1844 चा वॉशिंग्टन ते बाल्टिमोर संदेश दिला आहे, बायबलमधलं ‘देवाने हे काय घडवलं’ हे वाक्य. सरकारने त्या लाइनसाठी 30,000 डॉलर दिले होते, हेही बरोबर. पण त्याखाली ‘हाच तो संकेत’ म्हणून जो तक्ता छापलाय तो आपण आज वापरतो तो आहे. त्याची घडी 1848 मध्ये हॅम्बुर्गच्या फ्रीडरिख गेर्केने बसवली. मूळ अमेरिकन संकेतात सी, ओ, आर, वाय, झेड या अक्षरांच्या पोटात मोकळी जागा असायची, एल म्हणजे एक लांब डॅश होता. नातीने तो तक्ता पाठ करून 1844 चं वाक्य वाजवलं आणि तिला वाटलं की बाल्टिमोरला असंच पोचलं. तसं नव्हतं. शिवाय ते ऐकलं गेलं नव्हतं, कागदाच्या पट्टीवर उमटलं होतं. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून वाचायची सवय कारकुनांच्या कानांनी पुढे स्वतःच लावून घेतली, आणि माझी नऊ वर्षांची नोकरी त्याच सवयीवर चालली.

शेवटच्या पानावर मोर्सला मानवतेचा सेवक म्हटलंय. त्याने गुलामगिरीचं जाहीर समर्थन केलं होतं आणि स्थलांतरितांच्या, कॅथलिकांच्या विरोधात न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक 1836 मध्ये लढवली होती. मुलांना हेही सांगायला हवं. त्याचं काम त्यामुळे लहान होत नाही, पण ‘सेवक’ हा शब्द मी खोडला.

घ्यायची असेल तर कीसाठी जरूर घ्या, स्प्रिंग बदलायची तयारी ठेवून. सरावाला ‘पॅरिस’ हा शब्द घ्या. त्याची शेवटच्या मोकळ्या जागेसकट एका डॉटएवढी बरोबर पन्नास मापं होतात, त्यामुळे आठ शब्दांच्या वेगाला डॉट 150 मिलिसेकंदांचा येतो. पुस्तिकेत व्हेल, हेन्री आणि गेर्के मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवलेत. बनवणाऱ्यांचं उत्तर आलंय, पुढच्या छपाईत बघतो म्हणाले. नात सध्या सहा शब्दांवर आहे, क्यू आणि वाय अजून उलटसुलट होतात.