सूर्योदय दिवा: नोव्हेंबर ते जून वापरल्यानंतर

सूर्योदय दिवा म्हणजे गजराच्या आधी पहाटेसारखा हळूहळू उजळत जाऊन उठवणारा दिवा. माझ्या दिव्याचा अडॅप्टर गेला. कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे, "सर, वॉरंटी दिव्याला आहे, अडॅप्टरला नाही." मग नुसता दिवा काय देव्हाऱ्यात ठेवू? ओरिजिनल अडॅप्टर ६५० रुपये, तोही सवडीने येणार. नाशिकच्या एम.जी. रोडवर ५ व्होल्ट २ अँपिअरचा १५० ला मिळाला. जुना सोबत न्या, पिन जुळवून देतात.

बाकीच्या फीचर्सची यादी देत बसत नाही. माझी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फर्स्ट शिफ्ट, पावणेसहाला उठायचं. आपल्या देशाचं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशावर, नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य इथे जवळपास ३५ मिनिटं मागे. जानेवारीत तो सातनंतर उगवतो, तोवर मी मशीनसमोर उभा. मोबाइलच्या गजराने उठायचो खरा, पण पहिला अर्धा तास डोकं जागेवर नसायचं. दूध उतू जाणं तर रोजचंच.

दिव्याने यात खरंच फरक पडला. अर्धा तास आधी तो मंद लाल होतो, मग केशरी, मग पिवळट पांढरा. उजेड मिटल्या पापण्यांतूनही थोडा आत पोचतो, मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन) उतरायला लागतं, आणि गजर होईपर्यंत झोप आपसूक पातळ झालेली असते. मात्र पापणीतून जेमतेम काही टक्केच उजेड जातो. त्यामुळे दिवा कपाटावर ठेवून शोभेपलीकडे उपयोग नाही. उशीपासून हातभर अंतरावर, तोंडाच्या दिशेने हवा. भिंतीकडे तोंड करून झोपायची सवय असल्याने मला पलंगच फिरवावा लागला, त्यावरून घरात दोन दिवस बोलणी खाल्ली.

आता मुख्य रडगाणं. लाईट क्षणभर झपकली की घड्याळ १२:०० वर, गजर गायब. २८०० रुपयांच्या वस्तूत तीस रुपयांचा बटण सेल टाकायला यांना काय झालं होतं? साध्या टेबल घड्याळालाही वेळ लक्षात राहते. इन्व्हर्टरच्या लाईनवर टाकून पाहिला, तर लाईनवरून बॅटरीवर जातानाच्या त्या एका झटक्यातही साहेब सगळं विसरतात. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला आणि रात्री लाईट गेली. सकाळी दिवाही झोपलेला, मीही झोपलेला. कंपनीची बस गेली, रिक्षाचे पैसे गेले, वर सुपरवायझरचं ऐकून घेतलं ते वेगळंच. तेव्हापासून मोबाइलचा गजर परत सुरू.

तरीही मार्चमध्ये विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. मत बदललं ते जूनमध्ये, अडॅप्टर बंद असताना. तेव्हा इथे सहाच्या आतबाहेर सूर्योदय, पावणेसहालाच झुंजूमुंजू झालेलं असतं. पडदा सरकवून पूर्वेकडे तोंड करून झोपलो, उठल्यावर चहा घेऊन पाच मिनिटं गॅलरीत उभा राहिलो, तर तेवढंच ताजंतवानं वाटलं, तेही फुकटात. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. तेव्हा ही वस्तू थंडीच्या तीन-चार महिन्यांची. आणि मॅच बघत एक वाजेपर्यंत जागलात तर थंडीतही काही करत नाही.

नवा अडॅप्टर लावून चालतोय एवढं बघितलं आणि दिवाळीपर्यंत खोक्यात घातला. ज्यांची शिफ्ट नऊनंतरची, त्यांनी पैसे वाचवा. बाकीच्यांनी दुकानात आधी दिवा उलटा करून बघावा. खाली सेलचं झाकण नसेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नका.