वेगळं राहायला लागल्यावर भाड्याने घेतलेलं सामान: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आम्ही दोघं वेगळे झालो तेव्हा फ्रिज कुणी घेतला होता, सोफ्याचे पैसे कुणी भरले होते, यावर दोन्हीकडचे नातेवाईक बोलायला लागले. मी माझे दागिने, कपडे, पुस्तकं आणि आईने दिलेली पितळी भांडी तेवढी टेम्पोत घातली आणि कर्वेनगरच्या वन बीएचकेत आले. बाकी सगळं भाड्याने घेतलं. आज वाटतं, फार बरं केलं. वाटणीची भांडणं तिथेच थांबली.

फ्रिजबद्दल तक्रार नाही. एकटीला सिंगल डोअर भरपूर होतो. वॉशिंग मशीन मात्र जुनंच पुसून पाठवलेलं निघालं. रबराच्या कडेला आधीच्या कुणाची तरी काळी बुरशी होती आणि पिळताना ते अख्खं जागचं सरकायचं. बऱ्याच फोनांनंतर बदलून मिळालं. सामान उतरवून घेतानाच चालू करून बघा, फोटो काढा, मगच सही करा. गादी भाड्याने घेऊच नका, नवीन घ्या.

करार जितका लांब तितकं भाडं कमी, पण मुदतीआधी मोडला तर दंड लागतो. अशा काळात पुढच्या सहा महिन्यांत आपण कुठे असू याचा नेम नसतो, त्यामुळे थोडं महाग पडलं तरी मी कमी मुदतीचाच घेतला.

सामानाइतकंच महत्त्वाचं म्हणजे घराचं अॅग्रीमेंट. घरमालक काका 'नोटरीवर भागवू' म्हणत होते. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे, अकरा महिन्यांचा असला तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. मी अडून बसले. एजंट नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा घ्यायचं मशीन घेऊन घरी आला. खोकी भरून भरून माझा अंगठा इतका घासला होता की ठसा उमटेना, हात धुऊन पुन्हा द्यावा लागला. त्या कागदावर फक्त माझं नाव आहे. आधारवरचा पत्ता, बँक, नवीन गॅस कनेक्शन, सगळं त्यावरच झालं. परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज करायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे आधी किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तिथेही करारावरची तारीख कामी येते, असं वकीलबाईंनी सांगितलं.

'मिस्टर काय करतात?' हे सोसायटीत अजूनही विचारतात. मी सरळ सांगते, एकटी राहते.

पुढच्या महिन्यात वॉशिंग मशीन परत करून स्वतःचं घेणार आहे. फ्रिज तूर्त भाड्याचाच राहू दे.