पेरी मेसन: गठ्ठा संपत आल्यावरचं मत

खुनी कोण हे कळावं म्हणून पेरी मेसन या वकिलाच्या इंग्रजी रहस्यकथा वाचणार असाल, तर दोन-चार पुस्तकांत कंटाळाल, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर फोर्टातल्या फुटपाथवरून जुन्या पॉकेटबुकांचा एक गठ्ठा उचलला, तेव्हापासून लोकलमध्ये माझं हेच चालू आहे. आता नवं पुस्तक उघडलं की पुढचं पाठ असतं. ऑफिसात कुणीतरी अडचणीत सापडलेलं येतं, बहुतेक वेळा बाई, आणि ती अर्धंच खरं सांगते. मग प्रेत. मग पोलीस अशिलालाच धरतात. कोर्टात मेसन पार कोंडीत सापडतो आणि शेवटी भलताच कुणीतरी उघडा पडतो. ऐंशीहून जास्त कादंबऱ्यांत लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनरने हा सांगाडा फारसा हलवलेला नाही. तरी मी दुसऱ्या गठ्ठ्याच्या शोधात आहे, आणि त्याचं कारण एकच: उलटतपासणी.

१९३४ सालच्या ‘द केस ऑफ द हाउलिंग डॉग’मधला टॅक्सीवाला घ्या. आरोपी बाईला आपण घटनास्थळी नेऊन सोडलं, असं हा सांगणार. मेसन काय करतो, तर साधारण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका बाईला आधीच त्याच्याकडे पाठवतो. ‘तुमच्या टॅक्सीत माझा रुमाल राहिला’, एवढंच तिने म्हणायचं. टॅक्सीत अत्तराचा वास येणारा रुमाल खरंच सापडलेला असतो. तो हिचाच असणार, म्हणजे त्या रात्रीची बाई हीच, असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने रुमाल देऊनही टाकला. आता कोर्टात हा कुणाच्या चेहऱ्याची शपथ घेणार? मला आवडतं ते हे की टॅक्सीवाला खोटारडा नाही. त्याला जे आठवतं ते तो इमानदारीत सांगतोय. आठवण कशी घडते एवढंच मेसन उघडं करतो, तेही आरडाओरडा न करता, एकामागून एक साध्या प्रश्नांनी. (हे करताना तो नियमांच्या किती कडेकडेने चालतो, याचा हिशेब सरकारी पक्ष ठेवतोच.)

ही युक्ती गार्डनरने टेबलावर बसून शोधलेली नाही. तो स्वतः वकील होता. लॉ कॉलेजात फार टिकला नाही, पण वकिलांच्या ऑफिसांत काम करत अभ्यास केला आणि १९११ साली कॅलिफोर्नियात सनद मिळवली. ऑक्सनर्ड गावात त्याच्याकडे चिनी अशील पुष्कळ. लॉटरीची तिकिटं विकल्याबद्दल पोलीस चिनी दुकानदारांना धरणार, अशी कुणकुण लागताच त्याने दुकानदारांची आपापसांत अदलाबदल केली. पोलीस आले आणि दुकानावरची पाटी बघून माणसं धरून घेऊन गेले. म्हणजे ज्याला आपण तिकीट विकताना पाहिलं असं सांगायचं, तो कोण हेच त्यांना ठाऊक नव्हतं. हे वाचल्यावर टॅक्सीवाल्याचा प्रसंग मी परत काढून वाचला. पुढे १९४८पासून गार्डनरने ‘आर्गोसी’ मासिकात निर्दोष असूनही तुरुंगात पडलेल्यांची प्रकरणं पुन्हा तपासायला घेतली, तीही साक्षीदाराच्या ओळखीबद्दलच्या याच शंकेतून आली असावीत असं मला वाटतं.

पुढच्या पुस्तकांत ज्यूरी क्वचितच दिसते. बहुतेक सगळं प्राथमिक सुनावणीतच आटोपतं. तिथे समोर फक्त न्यायाधीश असतो आणि खटला चालवण्याइतपत पुरावा आहे की नाही, एवढंच त्याने बघायचं. प्रत्यक्षात बचावाचे वकील या टप्प्यावर सहसा आपले पत्ते उघडत नाहीत. मेसन मात्र तिथेच खुनी हुडकून मोकळा होतो. कथेला वेग येतो हे खरं. आमच्या मामांनी जिल्हा कोर्टात आयुष्य काढलंय. त्यांना एक पुस्तक दिलं, तर चार दिवसांत परत करत म्हणाले, “उत्तर माहीत नसलेला प्रश्न हा माणूस बिनधास्त विचारतो रे. आम्ही असं केलं असतं तर अशील आत आणि आम्ही घरी.” पण पुढचं आहे का, हेही जाताना विचारलंच.

आता खटकणाऱ्या गोष्टी. माणसं पुठ्ठ्याची आहेत. मेसन कुठे राहतो, सुट्टीत काय करतो, याचा पत्ता लागत नाही. पॉल ड्रेक हा डिटेक्टिव्ह जन्मभर फोनपाशी बसून थंड हॅम्बर्गर खातो आणि पोटाची तक्रार करतो. बाई आली की आधी तिच्या बांध्याचं वर्णन, आणि तिसाच्या दशकातल्या पुस्तकांत परक्या वंशाच्या माणसांबद्दलचे शेरे आज वाचवत नाहीत. मेसनची सेक्रेटरी डेला स्ट्रीट तेवढी जमली आहे. मेसन तिला लग्नाचं विचारतो आणि ती नाही म्हणते, कारण मग घरी बसावं लागेल आणि खरी मजा ऑफिसात आहे. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गरची मात्र दया येते. इतक्यांदा हरूनही पुढच्या पुस्तकात तो त्याच खात्रीने उभा राहतो!

भाषा अगदी सोपी. गार्डनर तोंडी मजकूर सांगायचा आणि सेक्रेटरी टाइप करायच्या, त्यामुळे पानंच्या पानं नुसते संवाद. मराठी माध्यमातून शिकलेल्याला इंग्रजी वाचायची सवय लावायला याहून बरं काही मला तरी भेटलेलं नाही. फक्त लागोपाठ वाचू नका. मी मध्ये सलग वाचली तेव्हा नावं एकमेकांत मिसळून गेली.

पहिली कादंबरी ‘द केस ऑफ द वेल्व्हेट क्लॉज’, १९३३ची. पण सुरुवात तिथून नको, तिच्यात कोर्टच नाही. आधी कुत्र्याची घ्या. मग १९३५ची ‘द केस ऑफ द काउंटरफिट आय’, जिच्यात बर्गर पहिल्यांदा येतो. तिचा अशील काचेचा डोळा चोरीला गेला म्हणून घाबराघुबरा होऊन येतो, कारण तो डोळा उद्या एखाद्या प्रेताजवळ सापडला तर? आणि सापडतोच, मेलेल्याच्या मुठीत. मेसनची भूमिका करणाऱ्या रेमंड बरची टीव्ही मालिका (१९५७ ते १९६६) नंतर बघा. आधी बघितलीत तर प्रत्येक पानावर त्याचाच आवाज ऐकू येतो.

जुनी प्रत घेताना मुखपृष्ठावर जाऊ नका. त्यावरच्या बाईचा आतल्या गोष्टीशी बहुधा काही संबंध नसतो. बांधणी बघा, आणि पैसे देण्याआधी शेवटची पानं जागेवर आहेत ना, ते मोजून घ्या. खुनी तिथेच सांगितलेला असतो आणि जुन्या पॉकेटबुकात सगळ्यात आधी सुटतात तीच.