लिनक्स, फ्रीबीएसडी की विंडोज: नेटवर्कच्या कामाला सर्व्हरवर काय टाकावं?

ऑफिसातल्या १ गिगाबिटच्या लॅनवर फाइली हलवायच्या असतील, तर वेगासाठी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) बदलू नका. तिघांपैकी काहीही टाका, हेडरचा (डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरच्या, म्हणजे पॅकेटवरच्या, पत्त्यासारख्या माहितीचा) वाटा वजा जाता साधारण ९४० मेगाबिट मिळतातच.

खरा फरक लांब पल्ल्यावर दिसतो. समोरून पोच येईपर्यंत टीसीपी (डेटा खात्रीने पोचवणारा नेटवर्कचा नियमसंच) ठराविकच डेटा वाटेत सोडतो आणि ही मर्यादा, म्हणजे ‘विंडो’, मुख्यतः घेणाऱ्याच्या बफरवर (आलेला डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेवर) ठरते. मुंबईहून अमेरिकेला जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद धरा. १ गिगाबिटची लाइन पूर्ण भरायला २५ एमबी डेटा सतत वाटेत हवा. फ्रीबीएसडी १४ मध्ये मूळ सेटिंगला हा बफर २ एमबीपर्यंतच वाढतो, म्हणजे एका कनेक्शनला ८० मेगाबिटच्या आसपास. लिनक्समध्ये ही मर्यादा बरीच वर्षं ६ एमबी राहिली आणि त्यातलाही काही भाग कर्नलच्या (ओएसच्या गाभ्याच्या) हिशेबात जातो. विंडोजचं ऑटो-ट्युनिंग (ही मर्यादा आपोआप वाढवणारी सोय) मात्र १६ एमबीपर्यंत जातं. काहीही न बदलता वापरणार असाल, तर इथे फ्रीबीएसडी आणि ६ एमबीवाल्या लिनक्सपेक्षा विंडोज पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण तेच ऑटो-ट्युनिंग बंद असेल तर? एका ऑफिसात परदेशातून बॅकअप उतरवताना वेग अडीच मेगाबिटच्या वर जाईना. दोष लाइनला दिला जात होता. ‘नेटएसएच इंटरफेस टीसीपी शो ग्लोबल’ ही कमांड चालवली, तर ऑटो-ट्युनिंगसमोर ‘डिसेबल्ड’! कुणीतरी ‘नेट फास्ट करा’ छाप सल्ला पाळला होता. विंडो ६४ केबीवर अडकली की २०० मिलिसेकंदांच्या वाटेवर यापेक्षा जास्त मिळूच शकत नाही.

पॅकेट गळणाऱ्या लाइनवर, विशेषतः मोबाइलवरच्या ग्राहकांना सेवा द्यायची असेल, तर मी डोळे झाकून लिनक्स घेईन. पाठवण्याचा वेग कमी-जास्त करायची क्युबिक आता तिघांतही मूळ पद्धत आहे: लिनक्समध्ये २००६ पासून, विंडोज १० मध्ये २०१७ पासून, फ्रीबीएसडीत २०२३ च्या १४ व्या आवृत्तीपासून. पण लिनक्सच्या ४.९ कर्नलपासून मिळणारं बीबीआर (त्याच कामाची दुसरी पद्धत) दोन ओळींत सुरू होतं आणि थोडी पॅकेटं हरवली म्हणून लगेच वेग पाडत नाही.

फ्रीबीएसडीला मात्र वरच्या ८० मेगाबिटवरून जोखू नका. नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये याच ओएसवर एका सर्व्हरमधून ४०० गिगाबिट एन्क्रिप्टेड व्हिडिओ पाठवून दाखवला. डिस्कवरचा डेटा अ‍ॅप्लिकेशनकडे न नेता कर्नलमधूनच नेटवर्क कार्डकडे जातो आणि एन्क्रिप्शन कार्डच करतं. मोठ्या फाइली वाटायच्या असतील आणि सेटिंग्ज जाणणारा माणूस हाताशी असेल, तरच हा मार्ग धरा.

सगळी पीसी विंडोजची आणि काम शेअर्ड फोल्डरचं, तर विंडोज सर्व्हरच बरा. एसएमबी (विंडोजची फाइल-शेअरिंगची पद्धत) मधलं मल्टिचॅनल २०१२ पासून दोन कार्डांचा वेग आपोआप एकत्र करतं. लिनक्सवर हेच काम करणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरमध्ये ते मूळ सेटिंगला चालू व्हायला २०२१ उजाडलं.

स्वतः मोजणार असाल, तर विंडोजवर आयपर्फ-३ या वेग मोजणाऱ्या साधनाच्या आकड्यांवर विसंबू नका. मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्याऐवजी एनटीटीटीसीपी हे आपलं साधन वापरायला सांगतं.