राजा अम्पात, छोट्या ग्रुपची डाइव्हिंग ट्रिप: डाइव्हिंग अप्रतिम, गावाचा भाग मात्र घाईघाईत

इंडोनेशियातल्या राजा अम्पात बेटांवर डाइव्हिंगला गेल्यावर मोठ्या बोटीवर राहावं की बेटावर, हे बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आम्ही जास्तीत जास्त आठच जण घेणाऱ्या एका कंपनीबरोबर गेलो, मुक्काम क्री बेटावर, पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या खोल्यांमध्ये. सोरोंग शहरापर्यंत विमान, तिथून वाइगेओ बेटावरच्या वाइसाईला साधारण दोन तासांची फेरी आणि पुढे छोटी बोट, पोचेपर्यंत जीव अगदी मेटाकुटीला येतो, पण सगळं त्यांनी नीट जुळवून दिलं होतं, कुठेही ताटकळलो नाही.

डाइव्हिंगला चार जणांमागे एक गाइड. ही चैन वाटेल पण इथे ती गरज आहे, कारण करंट. बेटांच्या फटींतून पाणी जोरात वाहतं, त्याच्याबरोबर खाणं येतं आणि खाण्यामागे मासे. केप क्रीला 2012 मध्ये जेराल्ड ॲलन या मत्स्यतज्ज्ञाने एकाच डाइव्हमध्ये माशांच्या 374 जाती मोजल्या होत्या, आणि खाली गेल्यावर ते पटतं हो, कुठे बघायचं तेच कळत नाही! पण त्याच जागी करंट अचानक फिरतो. आमचा गाइड पाण्यात उतरण्याआधी दर वेळी स्वतः खाली डोकं घालून करंट बघायचा आणि दोनदा त्याने जागाच बदलली, कुणी कुरकुर केली तरी ऐकलं नाही. मला हे फार आवडलं.

मांटा सँडी या डाइव्हच्या जागी वाळूवर दगडांची ओळ लावलेली आहे, तिच्यामागे गुडघ्यांवर बसून राहायचं, पुढे जायचं नाही. मांटा, म्हणजे पंखांसारखे पर असलेला प्रचंड चपटा मासा, समोरच्या खडकावर येऊन जवळजवळ थांबतो आणि छोटे मासे त्याच्या कल्ल्यांत शिरून साफसफाई करतात, अगदी निवांत चाललेलं असतं. आम्ही थोडेच जण असल्यामुळे कुणाचे बुडबुडे, कुणाचे फिन्स मध्ये नाहीत. शेजारी मोठा ग्रुप उतरला आणि दोघं ओळीपुढे सरकले, मांटा लगेच वळून गेला. छोट्या ग्रुपचे पैसे कशाचे, ते तिथे कळलं. 2017 मध्ये याच क्रीजवळ एक क्रूझ जहाज ओहोटीला प्रवाळावर चढलं होतं आणि खूप मोठा पट्टा चिरडला गेला, त्यामुळे इथे किती माणसं कशी येतात हा माझ्यासाठी खरंच जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

शेवटचा दिवस त्यांनी डाइव्हिंगला ठेवलाच नाही, कारण पुढे विमान होतं आणि अनेक डाइव्हनंतर निदान 18 तास उडायचं नसतं. त्याऐवजी वाइगेओच्या जंगलात पहाटे विल्सन्स बर्ड ऑफ पॅरडाइज हा पक्षी बघायला नेलं. नर जमिनीवरची आपली जागा झाडून काढतो, एकेक पान चोचीत धरून बाहेर टाकतो, डोक्यावर निळी उघडी कातडी, शेपटीला दोन वळलेली पिसं. आडोशामागे आम्ही श्वास रोखून बसलो होतो. हा पक्षी फक्त वाइगेओ आणि बटांटा भागातच सापडतो.

तक्रार एकच पण मोठी. "कल्चरल" म्हणून अर्बोरेक गावात अर्धा तास, स्वागताचा नाच, पांडानसच्या (केवड्यासारख्या झाडाच्या) पानांच्या विणलेल्या वस्तूंची खरेदी आणि परत बोटीत. अहो, त्या बायका समोर बसून विणत होत्या, त्यांच्याजवळ बसायला तरी वेळ द्या! सासी या इथल्या प्रथेबद्दल तर कार्यक्रमात अवाक्षर नव्हतं. सासी म्हणजे ठरावीक काळ समुद्राचा एखादा भाग गावाने बंद ठेवायचा, शेवंड, समुद्रकाकडी काही काढायचं नाही, मग ठरल्या वेळी उघडायचा. मिसूल बेटावर तर एक सासी बायकांचा गट सांभाळतो. हे सगळं आम्हाला आमच्या पापुआन गाइडने परतीच्या बोटीत, तेही विचारलं म्हणून सांगितलं. ज्यांच्यामुळे हे मासे टिकलेत त्यांच्यासाठी अर्धा तास फार कमी आहे, कंपनीला मी हे लेखी कळवलंय.

ज्यांचं नुकतंच बेसिक सर्टिफिकेशन झालंय त्यांनी आधी शांत पाण्यात थोडे डाइव्ह करून या, बुकिंगच्या वेळी हे कुणी स्पष्ट सांगत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल समुद्र जास्त शांत असतो. रीफ हूक (करंटमध्ये खडकाला अडकवून एका जागी थांबायचा दोरीचा आकडा) स्वतःचा न्या, आणि गावात एक रात्र होमस्टेला राहायचं असेल तर ते बुकिंग करतानाच मागून घ्या, नंतर बोटीचं वेळापत्रक बदलत नाहीत.